गावाचे मन आणि एकट्याचा नकार

चंद्रपूर जिल्ह्यात, जिवती तालुक्यातल्या वणी खुर्द या गावात ऑगस्ट २०२१ मध्ये सात जणांना चौकात खांबांना बांधून मारहाण झाली. ही माणसे भानामती करतात, असा संशय होता. मार खाणारे दलित कुटुंबांतले होते. त्यांत बायका होत्या, म्हातारी माणसे होती. पुढे पोलीस आले, अटका झाल्या आणि चर्चा तिच्या ठरलेल्या वाटेने सुरू झाली: अज्ञान, अंधश्रद्धा, शिक्षण पोचलेले नाही, भाग दुर्गम आहे. यातले काहीच खोटे नाही. पण या स्पष्टीकरणात एक गृहीत दडलेले आहे. चुकीची समजूत प्रत्येकाच्या डोक्यात सुटीसुटी बसलेली असते, एकेकाला शहाणे करत गेले की गाव आपोआप शहाणे होते, असे ते गृहीत. प्रत्यक्षात अशा जमावातला कुणी एकटा गाठला, तर तो बहुधा चारचौघांसारखा निघतो. शेजारी मयत झाली तर लाकडे घेऊन जाणारा, रोवणीला हात लावणारा, अडीनडीला पायलीभर धान देणारा. मग खांबाभोवती दोर आवळला तो कोणाच्या मनाने? मन ही एकेकट्याची मालमत्ता आहे, की ते माणसामाणसांच्या मधल्या जागेत कुठे तरी राहते, हा प्रश्न तत्त्वज्ञानाच्या तासाला शोभणारा वाटतो खरा. चंद्रपूर-गडचिरोलीत मात्र त्याच्या उत्तरावर माणसांचे जीव अवलंबून आहेत.

गेल्या शतकात हा प्रश्न सर्वांत हट्टाने विचारणारा एक माणूस अमेरिकेत होऊन गेला. ट्रायगंट बरो हे त्याचे नाव आज मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांच्याही कानावर पडत नाही. जन्म १८७५चा, व्हर्जिनियातल्या नॉरफोक शहरातला. आधी वैद्यकाची पदवी, मग १९०९ मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाची मानसशास्त्रातली डॉक्टरेट. त्याच वर्षी फ्रॉइड आणि युंग क्लार्क विद्यापीठातल्या व्याख्यानांसाठी अमेरिकेत आले होते. न्यूयॉर्कमध्ये बरोची त्यांच्याशी ओळख झाली आणि तो थेट झुरिकला युंगकडे जाऊन राहिला. वर्षभराने परतला तो मनोविश्लेषक होऊन. १९११ मध्ये अमेरिकन मनोविश्लेषण संघटना स्थापन झाली, तिच्या संस्थापकांत तो होता, आणि पुढे १९२०च्या दशकात अध्यक्षही झाला. इथवरची कारकीर्द सरळ आहे. वळण आले ते पहिल्या महायुद्धाच्या अखेरीच्या सुमारास, क्लॅरेन्स शील्ड्स नावाच्या एका तरुणामुळे. तो बरोकडे विश्लेषणासाठी येत असे. एके दिवशी त्याने डॉक्टरांना अडवले. तुम्ही खुर्चीवर आणि मी पलंगावर, या मांडणीतच तुमचा अधिकार बसलेला आहे. तुम्ही प्रामाणिक असाल तर जागा बदलू या, असे त्याचे म्हणणे. बरोने ते मान्य केले. डॉक्टर पलंगावर गेला आणि रुग्ण खुर्चीवर आला. काही दिवसांत दोघांच्याही लक्षात आले की अदलाबदलीने काही साधत नाही. खुर्चीवर जो बसेल तो हुकूमशहा होतो आणि पलंगावर जो जाईल तो बचाव करू लागतो. म्हणजे दोष ना या माणसात होता ना त्या माणसात. तो दोघांमध्ये पसरलेला होता, आणि ते दोघे ज्या समाजातून आले त्या समाजात तो भरून राहिला होता.

यातून बरोने समूह-विश्लेषण सुरू केले. न्यूयॉर्क राज्याच्या उत्तरेकडील अ‍ॅडिरॉन्डॅक डोंगरात उन्हाळ्यात एक शिबिर भरे. तिथे डॉक्टर, रुग्ण, विद्यार्थी आणि नातेवाईक एकत्र राहत, आणि स्वयंपाकापासून भांडणापर्यंत जे जे घडेल त्याची तिथल्या तिथे छाननी करत. त्या छाननीतून डॉक्टरलाही सूट नव्हती. १९२७ मध्ये त्याचा 'द सोशल बेसिस ऑफ कॉन्शसनेस' हा ग्रंथ आला. त्यातला मुख्य मुद्दा आजही झोंबतो. आपण ज्याला निरोगी, 'नॉर्मल' माणूस म्हणतो तो रोगमुक्त नसतो. त्याचा रोग सर्वांचाच असल्यामुळे तो दिसत नाही, एवढेच. ज्याला वेड लागले म्हणून आपण वेगळा काढतो, त्याच्यात सामाजिक रोगाचे एक लक्षण उघडे पडलेले असते. डी. एच. लॉरेन्सने या पुस्तकाचे मनापासून स्वागत केले. फ्रॉइडला ते पटले नाही. ज्या संघटनेच्या स्थापनेत बरोचा हात होता, तिनेच १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला त्याला बाहेरची वाट दाखवली. १९५० मध्ये तो वारला. शेवटची वर्षे त्याने श्वासाची लय आणि डोळ्यांच्या हालचाली मोजण्यात घालवली. संघर्षाच्या वेळी आणि शांत अवधानाच्या वेळी शरीरात काय फरक पडतो, हे त्याला यंत्राने पकडायचे होते. हा उत्तरार्ध मला कमकुवत वाटतो. माणसामाणसांच्या मधला रोग शोधायला निघालेला माणूस अखेर पुन्हा एकेका देहाची नाडी मोजत बसला. पण खुर्ची सोडण्याचा तो क्षण खोटा ठरत नाही, आणि आपल्या प्रश्नासाठी तोच कामाचा आहे.

आता जंगलाकडे या. गडचिरोलीत, एटापल्ली तालुक्यातल्या बारसेवाडा इथे मे २०२४च्या आरंभी एका बाईला आणि एका पुरुषाला जादूटोण्याच्या संशयावरून आधी मारण्यात आले आणि मग जाळण्यात आले. अटक झालेल्यांत त्या बाईचा नवरा आणि मुलगाही असल्याचे तेव्हाच्या बातम्यांत आले होते. या तपशिलाशी थांबायला हवे. घरातल्या बाईवर संशय घेणे ही घरातल्या माणसाची स्वतःची गरज असण्याची शक्यता फार कमी. पण गाव एकदा निष्कर्षाला आले की नवऱ्यापुढे दोनच बाजू उरतात: मारणाऱ्यांची किंवा मरणाऱ्यांची. अशा आरोपांची घडण साधारण ठरलेली असते. पोराला ताप भरतो, ते बरळू लागते, डोळे फिरवते. मेंदूत गेलेल्या हिवतापाचे हे चित्र आणि झपाटल्याचे चित्र यांत उघड्या डोळ्यांना फरक दिसत नाही. घरचे म्हणतात, हे काही तरी बाहेरचे आहे. पुजाऱ्याकडे जाणे होते, तो सुपातले तांदूळ पाहतो, देवाला विचारतो, कोंबडे मागतो. पोर वाचले तर पुजाऱ्याचा गुण आला, गेले तर करणी भारी होती. लागोपाठ दोन-तीन मयती झाल्या की 'काय झाले' हा प्रश्न मागे पडतो आणि 'कोणी केले' हा पुढे येतो. त्याचे उत्तर बहुतेक वेळा गावात आधीपासूनच तयार असते. ज्या घराशी जमिनीचा वाद आहे, जी बाई एकटी आहे, जो म्हातारा तिरसट आहे, जे कुटुंब जातीने खालचे मानले जाते, त्याच्याकडे बोट जाते. गावातला सगळा मत्सर, भीती आणि दुःख एका देहावर गोळा होते, आणि तो देह नाहीसा केला की गाव मोकळा श्वास घेते. बरोचे निदान इथे अक्षरशः लागू पडते. चेटूक त्या बाईत नसते, गावाच्या एकत्रित मनात असते. आणि ज्या दिवशी गावाला आपण सर्वांत निरोगी वाटतो, त्याच दिवशी ते सर्वांत आजारी असते.

यावर पहिली हरकत ठरलेली आहे आणि ती रास्त आहे. बाल्टिमोरच्या डॉक्टरचा सिद्धान्त माडिया-गोंडांच्या अंगावर का चढवायचा? मनोविश्लेषणाने आदिवासींना वापरण्याचा इतिहास काही अभिमानाचा नाही. फ्रॉइडने १९१३च्या 'टोटेम अँड टॅबू'मध्ये ऑस्ट्रेलियातल्या आदिवासींवर अख्खी इमारत उभी केली, तीही दुसऱ्यांची पुस्तके वाचून. टोळीतल्या मुलांनी बापाला मारले, मग पश्चात्तापाने त्याला टोटेम केले, आणि त्या अपराधातून धर्म जन्मला, अशी ती कथा. तिला पुरावा म्हणावे असे काही नव्हते. गोंडांकडे पाहिले असते तर त्याला वेगळेच काही दिसले असते. इथे चार देवे, पाच देवे, सहा देवे, सात देवे असे गट आहेत, आणि ज्यांच्या देवांची संख्या सारखी ते एकमेकांचे भाऊबंद. त्यांच्यात सोयरीक होत नाही. जन्मलेले मूल नाव मिळण्याआधीच एका आकड्यात जन्मते. कोण भाऊ, कोण सोयरा, कोणाच्या मयतीला काय करायचे, हे त्या आकड्यावरून ठरते. माणूस मुळात एकटा असून नंतर समाजात येतो, ही कल्पना या व्यवस्थेत बसतच नाही. तेव्हा मन समाजात राहते ही गोष्ट बरोने या लोकांना शिकवावी अशी स्थितीच नाही. त्याला जे शिबिरे भरवून शोधावे लागले ते इथे रोजच्या नात्यागोत्यात आहे. मी बरोला इथे आणतो तो आदिवासींचे निदान करायला नव्हे. जमावाचे मन ही आदिवासींची खासियत नाही, हे त्याच्यामुळे स्पष्ट होते म्हणून आणतो. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात भिक्षुकी करणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना मुले पळवणारे समजून जमावाने ठार मारले. ती अफवा मोबाइलवरून पसरली होती. तिथे पुजारी नव्हता, सूप नव्हते. यंत्र नवे होते आणि मन तेच. मानववंशशास्त्रज्ञ व्हेरियर एल्विनने शेजारच्या बस्तरमधल्या माडियांच्या शंभर खून-खटल्यांचा अभ्यास करून १९४३ मध्ये पुस्तक लिहिले. त्यातही जादूटोण्याचा संशय हे अनेक कारणांपैकी एक कारण आहे. बाकीची भांडणे, दारू, जमीन, बायको ही कारणे कुठल्याही जिल्हा न्यायालयाच्या फायलीत सापडतील अशी आहेत.

दुसरी हरकत डॉक्टरांची. रोग सामाजिक आहे म्हणून तुम्ही पोराच्या तापाला काय द्याल? फेफरे, स्किझोफ्रेनिया, खोल नैराश्य ही एकेका मेंदूची दुखणी आहेत, त्यांना औषध लागते, आणि मन सर्वांच्या मध्ये असते असले तत्त्वज्ञान ऐकवून झटका थांबत नाही. हे शंभर टक्के मान्य करावे लागते, आणि बरोच्या लिखाणात या बाजूला जी बेफिकिरी आहे ती दोष म्हणून मोजावी लागते. किंबहुना करणीच्या आरोपांवर सर्वांत परिणामकारक उपाय कोणता, असे विचारले तर भाषणापेक्षा मी गडचिरोलीतल्या नवजात बाळांच्या आकड्यांकडे बोट दाखवीन. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये सुरू केलेल्या 'सर्च' या संस्थेने ३९ गावांत गावच्याच बायकांना बाळाची घरगुती काळजी घ्यायला शिकवले, आणि तिसऱ्या वर्षी नवजात मृत्यूचे प्रमाण ६२ टक्क्यांनी उतरले. १९९९ मध्ये हे संशोधन 'लॅन्सेट'मध्ये छापून आले. जे बाळ मेलेच नाही त्याच्या मरणाचा ठपका कोणावर येत नाही. पण याच संस्थेची दुसरी गोष्ट डॉक्टरांच्या हरकतीला उलटे उत्तर देते. सुरुवातीला त्यांनी सिकलसेलचा अभ्यास हाती घेतला, आजार मोठ्या प्रमाणात सापडला, आणि लोकांना त्यात फारसा रस नाही हे कळून चुकले. दवाखान्याबद्दल लोकांना विचारले तेव्हा उत्तरे निराळीच आली: मोठ्या इमारतीची भीती वाटते, नातेवाइकांना राहायला जागा नसते, तिथे देव नसतो. मग संस्थेच्या शोधग्राम या परिसरातला दवाखाना आदिवासी वस्तीसारखा बांधला गेला, त्याला दंतेश्वरीचे नाव दिले गेले, आणि कोणत्या आजारावर काम करायचे हे ठरवायला गावोगावचे प्रतिनिधी देवीच्या जत्रेला बसू लागले. शील्ड्सने बरोला जे करायला लावले ते इथे रुग्णांनी डॉक्टरांना करायला लावले. औषध वैज्ञानिकच राहिले. अधिकाराची मांडणी तेवढी बदलली. विज्ञान आणि सामाजिक निदान यांत भांडण असलेच पाहिजे असे नाही, याला हा पुरावा पुरेसा आहे.

तिसरी हरकत उलट्या बाजूने येते आणि ती शहरातल्या सहृदय वाचकाला फार आवडते. पारंपरिक उपचार सगळ्यांना सामावून घेतात, रुग्णाला कुटुंबात परत आणतात, पाश्चात्त्य मानसोपचारासारखे त्याला खोलीत कोंडत नाहीत. मग पुजाऱ्याला नावे का ठेवायची? मनोविश्लेषक सुधीर कक्कर यांनी १९८२च्या आपल्या पुस्तकात राजस्थानातल्या मेहंदीपूरच्या बालाजीचे वर्णन केले आहे. तिथे बाधा झालेल्या माणसाबरोबर घरचेही राहतात आणि उपचारात ओढले जातात, हे त्यांनी बारकाईने टिपले. गडचिरोलीतल्या पुजाऱ्याकडेही ही ताकद आहे. अंगात आलेली बाई जे एरवी बोलू शकत नाही ते देवाच्या तोंडाने बोलते आणि घराला ते ऐकावे लागते. सासरच्या छळाला वाचा फुटण्याची तेवढीच एक जागा कित्येक घरांत असते. पण ही सामाजिकता दुधारी आहे. जो विधी सुनेच्या दुःखाला घराचे दुःख करतो, तोच विधी उद्या घराचे दुःख सुनेची करणी ठरवू शकतो. उपचार समूहाचा आहे एवढ्यावरून तो चांगला ठरत नाही. दोन्हींतला फरक कुठे आहे? माझ्या मते तो एकाच जागी आहे: निदान करणारा स्वतः निदानाखाली येतो की नाही. पुजाऱ्याच्या अंगणात सगळ्यांवर संशय जाऊ शकतो, पुजाऱ्यावर आणि विचारणाऱ्या गावावर जात नाही. गावाबाहेरून येऊन प्रबोधन करणारा वक्ताही या कसोटीतून सुटत नाही. त्याच्या व्याख्यानात आजारी असते ते समोरचे गाव. त्याच्या स्वतःच्या समाजाने कोणाला खांबाला बांधले आहे, हा विषय सभेत निघत नाही.

सर्वांत अवघड हरकत मात्र नीतीची आहे. रोग सर्वांचा असेल तर गुन्हा कोणाचाच नाही, अशी पळवाट यातून निघते. मारणारे म्हणतील, आम्ही कोण, गावाने ठरवले. कायद्याला ही पळवाट माहीत आहे. बेकायदा जमाव आणि समान उद्देश या कलमांनी तो गर्दीतल्या प्रत्येकाला स्वतंत्रपणे जबाबदार धरतो, आणि डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर २०१३ मध्ये आलेल्या जादूटोणाविरोधी कायद्याने तर नुसता असा आरोप ठेवून छळ करणेही सहा महिने ते सात वर्षे कैदेच्या शिक्षेचा गुन्हा केला. पण कायदा घटनेनंतर येतो. तत्त्वज्ञानाने उत्तर द्यायचे ते असे: मन समूहाचे असूनही जबाबदारी एकट्याची कशी राहते? बरोपाशी याचे उत्तर नव्हते. त्याच्या मते माणसातला 'मी' हाच रोगाचा गड्डा. समाजाने प्रत्येकात एक खोटा, स्वतःला बरोबर ठरवणारा 'मी' पेरला आहे, तो गळून पडला की माणूस मूळच्या ऐक्याला परत मिळेल, असे त्याचे म्हणणे. ऐकायला हे अध्यात्मासारखे गोड आहे. पण वणी खुर्दच्या चौकात 'मी' गळूनच पडला होता. तिथे ऐक्य पूर्ण होते.

याचे उत्तर मला चंद्रपुरातच सापडते, १६ ऑक्टोबर १९५६ या तारखेला. नागपूरच्या दीक्षेनंतर दोन दिवसांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी इथे दुसरा दीक्षा समारंभ घेतला. गावाचे नाव तेव्हा चांदा होते आणि आणखी पंधरवडाभर ते मध्य प्रदेशातच राहणार होते. बरो बाल्टिमोरमध्ये रुग्ण तपासत होता त्याच काळात, १९१३ ते १९१६, आंबेडकर न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात शिकत होते. दोघांची भेट झाल्याचा पुरावा नाही आणि त्याची गरजही नाही. पण रोगाची जागा बदलण्याचे काम दोघांनी केले, आणि आंबेडकरांनी ते कितीतरी मोठ्या धोक्यात केले. अस्पृश्यता हा अस्पृश्यांचा दोष मानला जात होता. १९३६च्या 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये त्यांनी तो सवर्णांच्या मनाचा आणि त्या मनाला पवित्र ठरवणाऱ्या शास्त्रांचा रोग म्हणून मांडला. त्यांच्या निधनानंतर १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'द बुद्ध अँड हिज धम्म'मध्ये धम्म हा मुळात सामाजिक आहे, एकट्या माणसाला त्याची गरज नाही, दोन माणसे एकत्र आली की तो लागतो, अशी भूमिका आहे. आत्मा तर त्यांनी नाकारलाच. म्हणजे आतमध्ये बसलेला, अजर, स्वयंपूर्ण 'मी' बरोप्रमाणेच त्यांनाही मान्य नाही. आणि तरीही दीक्षेच्या बावीस प्रतिज्ञांची रचना पाहा. त्या सगळ्या प्रथमपुरुषी एकवचनात आहेत. एवढा मोठा जनसमुदाय एका आवाजात बोलत होता, पण त्यातल्या कुणाच्याही तोंडी 'आम्ही' नव्हते. प्रत्येकजण 'मी' म्हणूनच स्वतःला बांधून घेत होता, आणि आजूबाजूचे सगळे त्याचे साक्षीदार होते. हा 'मी' कुठल्या आत्म्यातून आलेला नाही. चारचौघांसमोर उभे राहून घेतलेली ती एक जागा आहे. मन समूहाचे असले तरी ही जागा घेणे न घेणे एकेकाच्या हातात राहते, आणि जबाबदारी तिथेच चिकटते. आत्मा नाही म्हणून कर्ता नाही, असा जो आक्षेप बौद्धांवर शतकानुशतके घेतला गेला, त्याला पोथीबाहेरचे इतके स्वच्छ उत्तर क्वचितच मिळाले असेल. बरोने 'मी' खोडायला सांगितले. आंबेडकरांनी लाखोंच्या समुदायात त्याला बोलायला लावले.

यावर कुणी म्हणेल की दीक्षा हा एका दिवसाचा प्रसंग; गाव तर रोज चालवायचे असते. आणि दीक्षेनंतरही वणी खुर्द घडलेच, मार खाणारे दलितच होते. खरे आहे. प्रतिज्ञा ज्यांनी घेतली त्यांना ती बांधते, न घेतलेल्या शेजाऱ्याला नाही. म्हणून रोजच्या कारभारात एकट्याच्या 'मी'ला जागा करून देणारी पद्धत लागते, आणि तिचाही नमुना याच भागात, धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा गावात आहे. 'दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही त्यांची घोषणा सर्वांना ठाऊक आहे. २००९ मध्ये मिळालेला सामूहिक वनहक्क आणि पुढची बांबूची विक्री यांचेही कौतुक खूप झाले. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांनी तिथे रुजवलेल्या दोन गोष्टींकडे मात्र त्या मानाने लक्ष गेले नाही. एक, अभ्यास गट. यात विषयाची चर्चा होते, बाहेरच्या जाणकाराला विचारता येते, पण निर्णय घेतला जात नाही. दोन, ग्रामसभेचा निर्णय बहुमताने होत नाही, सर्वसहमतीने होतो. एकाचा जरी विरोध असला तरी विषय पुढे ढकलला जातो. हा नियम कामकाजाची सोय म्हणून पाहिला तर वेळखाऊ आहे. मनाच्या प्रश्नाच्या अंगाने पाहिला तर ज्या यंत्रणेतून चेटकीण तयार होते तिची नेमकी उलटी बाजू आहे. आरोपाच्या रात्री 'थांबा' म्हणणारा माणूस पुढचा संशयित होतो, आणि हे प्रत्येकाला माहीत असते, म्हणून कुणी म्हणत नाही. सर्वसहमतीच्या सभेत 'थांबा' म्हणणाऱ्यासाठी सगळी सभा थांबते. त्याचे कारण समजून घेणे हे त्या दिवशीचे गावाचे काम होते. चर्चेची आणि निर्णयाची बैठक वेगळी ठेवल्यामुळे रागाच्या भरात निष्कर्ष आणि शिक्षा एकाच रात्री उरकत नाहीत.

या नियमाचा बडेजाव माजवण्याचे कारण नाही. सर्वसहमतीच्या नावाखाली मुक्या माणसाला संमतीत धरले जाऊ शकते, बायकांचे गप्प बसणे होकार म्हणून मोजले जाऊ शकते, आणि १९९६च्या पेसा कायद्याने ग्रामसभेला परंपरेनुसार तंटे सोडवण्याचा जो अधिकार दिला, त्याचा आधार घेऊन एखादे गाव करणीचा 'तंटा'ही सोडवायला बसू शकते. म्हणून नियमाच्या पुढे जाऊन विचारावे लागते. ज्या सभेत एखाद्यावर आरोप येणार आहे, तिथे त्या माणसाचा स्वतःचा नकार मोजला जातो का? सर्वसहमती म्हणजे सर्वांची, तर त्यात आरोपीही आला. हे मान्य केले, तर कुठल्याही बाईला चेटकीण ठरवणारा ठराव सभेत मंजूरच होऊ शकत नाही, कारण तिच्या एका 'नाही'ने तो पडतो. आणि हे मान्य नसेल, तर ठराव कितीही एकमुखी असला तरी ती सभा गावाची नव्हती, गावातून एक माणूस आधीच वजा करून भरलेली होती.